साइडकारमधला बारीक आवाज

“हा… आत्ता झाला. हा, परत.”

प्रत्येक वेळी भूपालअण्णांचं उजवं बोट वर जायचं. साइडकारमध्ये मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन ते ताठ बसले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मान किंचित डावीकडे कललेली, आणि हलत होतं ते फक्त बोट. बेडगच्या रस्त्याला खड्ड्यांची कमतरता कधीच नव्हती. साइडकारचं चाक खड्ड्यात उतरून वर आलं की बोट वर. बुलेट मी चालवत होतो, आणि माझा एक डोळा रस्त्यावर तर दुसरा त्या बोटावर होता.

“ऐकलासा न्हवं, मिस्त्री?”

“ऐकलं की,” मी म्हणालो.

काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. इंजिनाची धडधड, चाकाखालची खडी, समोरून आलेल्या ट्रकचा भोंगा, हे सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. अण्णा ज्याच्यासाठी बोट वर करत होते ते तेवढं नाही.

ही ब्याऐंशी सालच्या श्रावणातली गोष्ट. मिरजेत स्टेशन रोडला पत्र्याच्या शेडमध्ये माझं गॅरेज होतं. मी इलाही मुजावर, पण गावात मला ‘कानाचा मिस्त्री’ म्हणायचे. लोक माझ्याकडे गाडी दाखवायला नव्हे, ऐकवायला आणायचे. मी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचो, मूठ कानाला लावायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, टॅपेट आहे, चेन आहे, नाहीतर बेअरिंग गेलंय. उघडून बघितलं की तेच निघायचं. सांगलीहून, पार जतहून माणसं यायची. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

आदल्या दोन वर्षांत तो कान गेला होता. सगळा नाही. माणसाचं बोलणं, इंजिन, ढोल, हे जाड आवाज शाबूत होते. बारीक आवाज तेवढे एकेक करून निघून गेले. कुकरची शिट्टी झाली तरी मी शेजारी ढिम्म बसलेला बघून हलीमानं, माझ्या बायकोनं, ते पहिल्यांदा ओळखलं. डॉक्टरला दाखवा म्हणाली. मी तिलाच दटावलं, बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून. तेव्हापासून मी डोळ्यांनी आणि हातांनी काम करत होतो. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचो तो गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. सवयीनं दहातले नऊ दोष तसेही सापडत होते.

भूपालअण्णा मगदूम म्हणजे त्या दहातलं दहावं गिऱ्हाईक. लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले. त्यानंतर ते बाजाच्या पेट्यांच्या दुरुस्तीत शिरले आणि त्यांनी असं नाव काढलं की मोठेमोठे गवई त्यांच्या दारात पेटी घेऊन बसायचे. दर श्रावणात ते घाट उतरून कोकणात जायचे. गणपतीच्या आधी तिथल्या भजनी मंडळांच्या पेट्या सुरात लावून द्यायच्या, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. वीस-बावीस गावं त्यांची वाट बघत असायची. आधी एसटीनं जायचे. मग त्यांचा धाकटा भाऊ धनपाल यानं मिलिटरीच्या लिलावातून साइडकारची बुलेट आणली आणि अण्णांचा प्रवास राजासारखा सुरू झाला. चालवायला धनपाल, साइडकारमध्ये अण्णा, मागच्या सीटला पेट्यांचं सामान.

सोमवारी दोघं माझ्याकडे आले होते.

“मिस्त्री, साइडकारमधनं आवाज याय लागलाय,” अण्णा म्हणाले. “लई बारीक हाय. किण्ण करतोय.”

“मला तर फटफटीशिवाय काय बी ऐकू येत न्हाई,” धनपाल हसत म्हणाला. पंचविशीचा उमदा पोरगा होता, सदा हसरा. “अण्णाला काय, भिंतीपलीकडं मुंगी चालली तरी ऐकू येती. त्यांचं ऐकून तुम्ही गाडीचा पार खुळखुळा कराल बघा.”

मी मडगार्डचा सैल नट आवळला. मंगळवारी दोघं परत आले. मी मागचा सुकलेला बुश बदलला, सीटच्या स्प्रिंगांना ग्रीस भरलं. बुधवारी परत हजर. गुरुवारी सकाळी त्यांना निघायचं होतं. म्हणून बुधवारी मी स्वतः गाडी घेऊन अण्णांसोबत बेडगच्या रस्त्याला गेलो, आणि ते बोट मी दोन मैल बघितलं.

गॅरेजात परत आलो तेव्हा धनपाल बाकावर चहा पीत बसला होता. अण्णा साइडकारमधून उतरलेच नाहीत.

“मिस्त्री, एक सांगू काय? राग मानू नका.”

“सांगा की.”

“परवा त्यो आवाज पेटीच्या काळी पाच पट्टीला हुता. काल त्याच्याखाली आला. आज काळी चारला बसलाय. उतराय लागलाय त्यो.”

“मग?”

“पेटीचा पितळी सूर असतोय न्हवं, त्याला चीर गेली की त्यो आधी उतरतोय. चार-आठ दिवस उतरत ऱ्हातोय. मग एक दिवस वाजवता वाजवता तुटतोय. लोखंडाचं काय असतंय मला ठावं न्हाई. पण कुठंतरी चीर असंल काय?”

त्या माणसानं निदान करून माझ्या हातात दिलं होतं. मी काय केलं? मला राग आला. पेटीवाल्यानं मला लोखंड शिकवावं!

“अण्णा, पितळेची पट्टी आणि मिलिटरीचा पाइप ह्यात काही फरक हाय का न्हाई?” मी म्हणालो. “तरी बघतो. तुमच्या मनात नको.”

पाइपाला चीर आहे का बघायची आमची एक रीत होती. रॉकेलचा बोळा फिरवायचा, कोरडं पुसायचं आणि वरून खडू घासायचा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि खडूच्या पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मी साइडकारचा एकेक जोड तसा तपासला. गाडीला धरणाऱ्या चारही पकडी, वेल्डिंगच्या सगळ्या जागा. अर्धा तास मी खाली उताणा पडून होतो. पांढरं ते पांढरंच राहिलं.

पुढच्या आडव्या पाइपावर मात्र सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. साइडकारच्या नाकाखालून जाऊन बुलेटला धरणारा तो मुख्य पाइप. अण्णा चढता-उतरता त्यावर पाय द्यायचे.

“हे काय रे धनपाल?”

“पावसात त्यांचा पाय घसरतोय म्हणून गुंडाळलंय. सोडू नका मिस्त्री, दोन तास बसून केलंय त्ये.”

रबराखाली जोड नव्हता, सरळ पाइप होता. पाइप जोडाशी तुटतो, मधे तुटत नाही, एवढं माझं ज्ञान. मी रबरावरून हात फिरवला आणि उठलो.

“काही न्हाई अण्णा. ठणठणीत हाय.”

“मग आवाज कशाचा?”

“आता न्हाई येणार. सगळं आवळलंय.”

“चला बघू,” अण्णा म्हणाले.

परत बेडगचा रस्ता. पहिला खड्डा आला. बोट वर गेलं. दुसरा आला, बोट वर गेलं. तिसऱ्याला अण्णांनी बोट वर केलं नाही, नुसतं माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना दिसत नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मी नजर चुकवली.

मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. उसाच्या फडाशेजारी आम्ही दोघंच होतो. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. अण्णा, मला ऐकू येत नाही, असं सांगायचं. ते एकदा तोंडातून गेलं की संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या प्रत्येक रिक्षावाल्याला कळलं असतं. कानाच्या मिस्त्रीचा कानच गेलाय, ही बातमी मिरजेत कोण सोडणार? उद्यापासून शेडला टाळं. नाहीतर दुसरी वाट.

“अण्णा, आवाज गेलाय,” मी म्हणालो.

“गेलाय?”

“साफ गेलाय.”

“मला तर येतोय की हो.”

“तीन दिवस तुम्ही त्याच्याच मागं लागलाय. कानात बसलाय तो तुमच्या. होतं असं. मला बी पूर्वी व्हायचं.”

अण्णा पेटीच्या झाकणावर हात फिरवत हळू आवाजात म्हणाले, “वैशाखात माळगावच्या बुवांनी पेटी परत आणली हुती. गंधार हलतोय म्हणाले. मला तर बरोबर वाटत हुता. मी त्यांना वेड्यात काढलं. मग मनात आलं, वय झालं असंल. कानाला काय धाड भरली काय की.”

मी हँडलवरचा चिखल अंगठ्यानं खरवडत राहिलो.

“म्हणून तुम्हाला तीनदा तरास दिला. म्हटलं, ह्यो आवाज खरा निघाला तर आपला कान अजून शाबूत हाय. लोखंडातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय? तुम्ही न्हाई म्हणताय तर न्हाईच त्यो.” ते हसायचा प्रयत्न करत होते. “ह्या खेपेला गावं करून येतो. मग बंद. आंधळ्यानं बहिरं होऊन लोकांच्या पेट्या बिघडवायच्या न्हाईत.”

तेव्हा तरी माझी जीभ वळायला हवी होती. माझ्या अब्रूपायी मी एका माणसाचा कान काढून घेत होतो, आणि तो माणूस मला तरास दिला म्हणून माफी मागत होता. मी किक मारली आणि गाडी गावाकडे वळवली.

संध्याकाळी जेवताना हलीमानं विचारलं, आज एवढे गप्प का. मी सांगितलं. तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली आणि म्हणाली, “आत्ता जावा आणि सांगून या. उद्या तो माणूस घाट उतरणार आहे.”

“मी सगळे जोड बघितलेत. काही नाही गाडीत.”

“काही नाही तर तुमच्या गळ्याखाली घास का उतरत नाही?”

मी पानावरून उठलो, पण गेलो नाही.

गुरुवारी सकाळी मला जायची गरजच पडली नाही. कोल्हापूरच्या वाटेला लागण्याआधी दोघं माझ्या दारात येऊन थांबले. आभाळ भरून आलं होतं. धनपालनं रेनकोट चढवला होता, मागच्या सीटवर सामानाला ताडपत्री बांधली होती. अण्णांनी साइडकारमधून हात पुढे केला आणि माझा हात हातात घेतला.

“मिस्त्री, एकदा शेवटचं सांगा. जाऊ न्हवं?”

माझा हात थंड पडलेला त्यांना नक्की कळला असणार. त्यांच्या बोटांना सगळं कळायचं. तरी ते माझ्या तोंडचं ऐकायला थांबले होते.

“बिनघोर जावा,” मी म्हणालो.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” धनपालनं गिअर टाकला. “येताना तुम्हाला फणसाची पोळी आणतो, मिस्त्री!”

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. त्या दिवशी माझं एकही काम धड झालं नाही. दोनदा पाना हातातून निसटला. दुपारी पाऊस सुरू झाला तसा मी मनातल्या मनात मैल मोजायला लागलो. आता कोल्हापूर मागे पडलं असेल. आता घाटाचं तोंड. दारात कुणी उभं राहिलं की मी हातातलं काम टाकून उठायचो. निरोप घेऊन कुणी आलं नाही. रात्री मी हलीमाला म्हणालो, बघ, पोचले असतील. तिनं पाठ करून दिवा मालवला.

शुक्रवारी सकाळी मगदुमांचा चुलत भाऊ सांगत आला.

घाटात धुकं होतं. उतारावरच्या एका वळणाला रस्ता खचलेला होता, तिथं साइडकारचं चाक खड्ड्यात गेलं आणि पुढचा पाइप तुटला. मागच्या पकडी एका झटक्यानं उपटल्या. साइडकार सुटली ती डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन अडकली. अण्णांना खांद्याला मुका मार, बाकी काही नाही. बुलेट मात्र धनपालसकट दुसऱ्या बाजूला, दरीकडे गेली. कठडा गुडघ्याएवढा होता.

आवाज साइडकारमध्ये होता. मला जी धाकधूक होती ती साइडकारमध्ये बसणाऱ्याची होती. वर चालवणाऱ्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

मागून एसटी यायला अर्धा तास लागला. तोवर अण्णा त्या गटारात, साइडकारमध्ये बसून धनपालला हाका मारत होते. उतरून चार पावलं टाकायचीही सोय नव्हती, कारण दरी कुठल्या बाजूला आहे ते त्यांना माहीत नव्हतं. खालून त्यांना काय काय ऐकू आलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पंचनाम्यात लिहिलं, रस्ता ओला, धुकं, चालकाचा ताबा सुटला. कुणी माझं नावसुद्धा घेतलं नाही. उलट मयतीला आलेले लोक मला सांगत होते, मिस्त्री, तुम्ही तर तीन दिवस गाडी तपासली होती, नशिबापुढं कुणाचं चालतंय. मी मान हलवत राहिलो.

आठवड्यानं टेंपोतून गाडीचे अवशेष माझ्याच शेडमध्ये आले. दुसरीकडे कुठे जाणार? मी दार लोटून घेतलं आणि पुढचा पाइप बघितला. रबराची पट्टी अजून त्याला चिकटून होती. पाइप त्या पट्टीखालीच तुटला होता, बरोबर मधोमध. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग तांबडा, जुना, गंजलेला होता. तेवढी चीर कधीचीच गेलेली होती. उरलेला पांढरा स्वच्छ लोखंडाचा भाग तेवढा घाटात तुटला होता. एवढ्याशा लोखंडावर मी त्यांना पाठवलं होतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टांगा थांबला. टांगेवाल्याचा हात धरून अण्णा उतरले. पंधरा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. टांगेवाल्याला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

“मिस्त्री, गाडी हितंच हाय म्हणं.”

“हाय.”

“तुटलेला पाइप दावा मला.”

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाइपाचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. आयुष्यभर केसाएवढं पितळ खरडलेली ती बोटं. त्यांनी आधी रबर चाचपलं. मग तुटलेल्या तोंडावरून अंगठा हळूहळू गोल फिरवला. खरखरीत भाग संपून धारदार भाग सुरू झाला तिथं अंगठा थांबला. मागं गेला, पुन्हा तिथंच येऊन थांबला.

“ह्यो भाग जुना हाय,” ते म्हणाले.

“व्हय.”

“म्हंजे आवाज हुता.”

“हुता, अण्णा.”

“मग तुम्ही गेला म्हणून कसं म्हणालासा? तुम्ही माझ्याशेजारी हुता की. दोनदा हुता.”

हे विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उमगत नव्हतं. एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला तो आवाज कसा चुकला, हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

“अण्णा, मला ऐकू येत न्हाई,” मी म्हणालो. “बारीक आवाज दोन वर्षं झाली, ऐकूच येत न्हाईत. मी तुमच्या बोटाकडं बघून हो म्हणत होतो.”

वाटलं, आता हातातला पाइप उचलून ते माझ्या डोक्यात घालतील. घातला असता तर बरं झालं असतं. अण्णांनी पाइप चाचपत खाली जमिनीवर ठेवला.

“एवढंच सांगायचं हुतं की, मिस्त्री,” ते म्हणाले. “मी हुतो न्हवं तिथं. त्यो तुमचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या कानाला द्यायचा. कुठं लावायचा ते तुम्हाला म्हाईत हुतं, काय वाजतंय ते मला कळत हुतं. दोन मिनटं लागली नसती.”

टांगेवाला आत आला आणि त्यांना धरून घेऊन गेला. अण्णांनी पुन्हा पेटीला हात लावला नाही. मी त्यांच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, पाणी दिलं आणि अण्णा झोपलेत म्हणून सांगितलं.

शेड मी आणखी अकरा वर्षं चालवली. दारात गाडी लागली की पहिलं वाक्य मी एकच बोलायचो, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, तेव्हा तुम्ही ऐका आणि मला दाखवा. त्या अकरा वर्षांत ते ऐकून एकही गिऱ्हाईक परत फिरलं नाही.